नमुन्याची मुलाखत

शालेय मानसशास्त्रज्ञांच्या त्या प्रशिक्षण वर्गात पहिला धडा असा होता, की मुलाशी नव्हे, शिक्षकाशी बोलायचे. शिक्षकाची तक्रार चाळत न्यायची आणि डोळ्यांना दिसते तेवढेच हाती ठेवायचे. 'मुलगी द्वाड आहे' हे चालत नसे. 'मुलगी खुर्ची ढकलते' हे चालत असे. या बाबतीत प्रशिक्षिका इतक्या काटेकोर होत्या, की विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'चाळणबाई' म्हणत.

अंतिम परीक्षेसाठी खऱ्या शिक्षिकेच्या मुलाखतीचे रेकॉर्डिंग द्यायचे होते. वर्गातल्या एका विद्यार्थिनीने, धाकटीने, आपल्या थोरल्या बहिणीला गळ घातली. ताई प्राथमिक शाळेत शिकवत असे आणि तिच्या वर्गातल्या, सारखी खुर्ची ढकलणाऱ्या एका मुलीने तिला जेरीस आणले होते. सत्र संपेपर्यंत वर्ग ताळ्यावर आला नाही तर तो काढून घेऊ, असे मुख्याध्यापिकांनी तिला बजावले होते.

"म्हणजे तू पास होणार माझ्या जिवावर," ताई हसून म्हणाली. "येते. पण मला खरंच काहीतरी सुचव गं. माझी अक्कल संपली."

मुलाखतीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि लाल दिव्याचा रेकॉर्डर होता. ताई सुरुवातीला नीट उत्तरे देत गेली. मग मध्येच थांबली.

"खरं सांगू? मला तिची भीती वाटते. एवढीशी पोर, पण तिच्या जागेजवळ जायला पाय उचलत नाहीत. हल्ली मी तिला काही विचारतच नाही."

धाकटीने लाल दिव्याकडे पाहिले.

"समजलं. खुर्ची ढकलण्याआधी नेमकं काय घडतं?"

"अगं, मी काय म्हणतेय..."

"आपण त्या मुलीच्या वागण्याबद्दल बोलत होतो, ताई."

"बरं," ताई म्हणाली. त्यानंतर तिने विचारले तेवढेच सांगितले.

तोडगा असा निघाला: खुर्ची ढकलली तर लक्ष द्यायचे नाही, शांत बसली की कौतुक करायचे. खुर्ची ढकलण्याच्या नोंदींच्या आलेखाची रेघ भराभर खाली आली.

"शिक्षिका भरकटत होत्या, तू त्यांना हळूच रुळावर आणलंस," रेकॉर्डिंग ऐकून चाळणबाई म्हणाल्या. "हे शिकवून येत नाही. शाबास!"

सत्राच्या शेवटी मुख्याध्यापिका वर्गात आल्या. मुलगी शांत बसली होती. त्यांनी तिला वाचायला सांगितले. तिला एक ओळ वाचता येईना. शेजारची मुलगी निरागसपणे म्हणाली, "तिला बाई कधीच वाचायला उठवत नाहीत." ताईचा वर्ग गेला. तिला पाठ्यपुस्तकांच्या कोठारात बसवले. पुढच्या सत्रात तिने नोकरी सोडली.

धाकटीला मात्र त्याच प्रशिक्षण केंद्रात साहाय्यक म्हणून घेतले. एका दुपारी ती ताईकडे आली. चहा समोर आला तरी तिला विषय काढता येईना.

"चाळणबाईंना ते रेकॉर्डिंग नव्या तुकडीला ऐकवायचंय," शेवटी ती म्हणाली. "तू हो म्हणालीस तर."

"कसली चूक दाखवायला?"

"चूक नाही गं. नमुना म्हणून."

ताईने मान डोलावली. "ऐकवा की. आवाज स्वच्छ आलाय ना माझा?"

"ताई, रागावलीस?"

"राग कुठे दिसला तुला? मी खुर्ची ढकलली का?"

"असं नको ना बोलूस. त्या दिवशी माझी परीक्षा होती..."

"आपण रेकॉर्डिंगबद्दल बोलत होतो," ताई शांतपणे म्हणाली.

धाकटीचा कप अजून अर्धा भरलेला होता. ताईने तो उचलला, सिंकमध्ये रिकामा केला आणि पाठमोरी उभी राहून विसळू लागली.