दोन डिस्कचा डबा

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.

दुपारच्या शांततेत तो आवाज घड्याळाचा नव्हता. संगणकाशेजारच्या काळ्या डब्यातून येत होता, आणि पडद्यावर समीक्षाचं बारसं मध्येच थिजलं होतं. पाळण्यावर वाकून गाणारी माझी आई, तोंड तसंच उघडं.

"आजीले चालू कर न," समीक्षा म्हणाली. रोज हे पाहिल्याशिवाय ती झोपत नाही.

आई मागच्या उन्हाळ्यात वडनेरला वारली. तिचा आवाज माझ्याजवळ होता तो एवढाच. लेक झोपली की मिळेल तेवढ्या वेळात मी तो बारशाच्या व्हिडिओ कॅसेटवरून संगणकात उतरवला होता. मग, उतरवलं न आता, म्हणून ह्यांनी त्याच कॅसेटवर गोपालभाऊजींचं लग्न भरलं.

संगणकातली जागा भरली तेव्हा जास्तीचं साठवायला हा डबा घेतला. मी दुकानात स्पष्ट सांगितलं होतं, आत दोन डिस्क आहेत, दोन्हींत तेच ठेवा, एक मेली तर दुसरी राहील. दुकानदारही तेच म्हणत होता. पण ह्यांचं बोरगावला धान्याचं दुकान. रिकामं गोदाम ह्यांना बघवत नाही. त्याच्यासमोर मलाच हसले.

"एकच माल दोन गोदामात कोन भरते वं?"

दोन्ही डिस्क जोडून एक करून घेतल्या. जागा दुप्पट झाली. संगणकातलं आमचं सगळं त्यात हलवलं, आणि उरलेल्या जागेत सिनेमे.

संध्याकाळी संगणकवाल्याला डबा दाखवून हे परतले. एक डिस्क मेली होती. दुसरी धडधाकट, पण प्रत्येक चित्राचे अर्धे तुकडे हिच्यात, अर्धे तिच्यात. नुसत्या अर्ध्यातून काही निघत नाही म्हणे.

"मशीनचा काय भरवसा," हे चपला काढत म्हणाले. "सिनेमे तं पुन्हा भेटतीन."

सिनेमे.

पोळी तव्यावर टाकून मी बाहेर आले. खुंटीवरची दुकानाची किल्ली काढून ह्यांच्यासमोर धरली. हिची जोड गोपालभाऊजींकडे असते, एक हरवली तर दुकान बंद राहू नये म्हणून.

"कुलूप तं एकच आहे न. मंग दुसरी किल्ली काऊन केली?"

ह्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"पोळी करपून राह्यली," म्हणाले.

मी करपू दिली.

समीक्षानं माझ्या हातातून किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग बंद पडद्याकडे पाहिलं.

"किल्ल्या दोन केल्या," ती म्हणाली, "मंग आजी एकच काऊन ठेवली वं आई?"