फुरंगटीचं तोंड

माझ्या हातून मातीचे जे जीव होतात, त्यांना जगात कुठे घर नाही. घुबडाच्या डोळ्यांचा बेडूक, शिंगं फुटलेलं बदक, पंख असून पायीच चालणारा उंट. लोक कौतुकाने हातात घेतात आणि परत ठेवतात. खपायची ती एकटी फुरंगटी. अंग साळिंदराचं, पाय बदकाचे, आणि तोंड माझ्या सासूबाईंचं.

हे शेवटचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना ऐकू यायचं नाही. जेवताना आम्ही हसलो की त्या विचारायच्या, काय झालं? नवरा हातानेच सांगायचा, काही नाही, असंच. मग त्या ताट सरकवून भिंतीकडे बघत बसायच्या. खालचा ओठ वर चढलेला, गाल आत. तो ओठ माझ्या बोटांनी कधी उचलला, मलाच कळलं नाही. दुकानवाल्या बाई म्हणायच्या, हिला बघून ज्याला त्याला आपल्या घरचं कुणीतरी आठवतं. त्यांनी महिन्याभरात तीस मागितल्या. दिल्या तर खिडकीतली अख्खी फळी वर्षभर माझी. नाहीतर फळी दुसऱ्याला, आणि मी पुन्हा कारखान्यात, कपांना कान चिकटवायला.

नेमकं त्याच आठवड्यात नवऱ्याने आईला कानाचं मशीन आणलं.

घराचा नूरच पालटला. सासूबाईंना जिन्यातली पावलं ऐकू येऊ लागली, कुकरची शिट्टी, आणि शेजारणीचं भांडण तर पहिल्या शब्दापासून. आता त्याच आम्हाला बातम्या देऊ लागल्या. गाल भरले, ओठ सैल पडला. मी मात्र मातीपुढे बसत होते नि उठत होते. ओठ वर घेतला तर फुरंगटी रडकी दिसे, खाली घेतला तर खाष्ट. पाच केल्या, पाचही मोडून पिंपात टाकल्या. पाय घरात ठरेना, मन हातात ठरेना. माती झाकावी, उघडावी, पुन्हा झाकावी.

सासूबाई रुसाव्यात म्हणून त्यांच्या चहात साखर घालायची मुद्दाम विसरले. त्या हसल्या, कामापायी तुझं डोकं ठिकाणावर नाही म्हणाल्या, आणि त्यांनीच माझ्यासाठी दुसरा चहा टाकला.

मंगळवारी मशीनचा सेल संपला. नव्या सेलचं पाकीट मी रंगाच्या बरण्यांमागे सारलं. उद्या आणते, असं खुणेने सांगितलं. तीन दिवस उद्याच सांगत राहिले. तीन दिवस फुरंगटी ताटासमोर बसली आणि माझी बोटं सुसाट सुटली. अठरा झाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी मी माती मळत होते, तर सासूबाई दारात. धुळीने खोकला येतो म्हणून त्या या खोलीत फिरकत नसत. फळीवर अठराजणी सुकत होत्या. त्यांनी एकेकीला निरखलं, मग स्वतःच्या ओठाला बोट लावलं. मागची नीट दिसावी म्हणून बरणी सरकवली, आणि पाकीट खाली पडलं.

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांना ऐकू जाणार नव्हतं, आणि ती करणी माझीच होती.

त्यांनी सावकाश, नखाने सेल बसवला. मला वाटलं, आता रुसतील. ओठ सरळच राहिला. हनुवटी तेवढी हलत होती.

"विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. "बसले असते की गं तुझ्यासमोर रुसून."

"खोटं रुसणं मातीत उतरत नाही, आई."

"मग नसतं उतरलं."

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या अठराजणींकडे पाठ करून बसल्या.

"या झाल्या त्या जाऊ देत," त्या म्हणाल्या. "पुढची माझ्या तोंडाची नको."

मातीच्या हातांनीच मी दुकानवाल्या बाईंना फोन लावला. अठराच होतील, म्हटलं, फुरंगटी यापुढे होणार नाही. शब्दन् शब्द सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. पलीकडून बाई फळीची अट पुन्हा ऐकवू लागल्या. फोन कानाला धरून मी खोलीभर फिरत राहिले, आणि सासूबाईंची नजर माझ्याबरोबर फिरत राहिली.