कागद दोनपासून सुरू होतो

२. तेल गाडी थंड असताना, सपाट जागी बघावे. गरम इंजिनाचे तेल खोटे बोलते.

शेडच्या भिंतीवरचा, सासऱ्यांच्या हातचा कागद इथूनच सुरू होतो. एक नाहीच, थेट दोन. वरची पट्टी फाटलेली. उंदरांनी खाल्ली असेल, असं वहिनी आजवर समजत होती. पण गेल्या तीन दिवसांत तिचा उंदरांवरचाही विश्वास उडाला होता.

झालं होतं असं, की सकाळी ती पेट्रोल पंपावर जाऊन म्हशीच्या चारही चाकांत हवा भरून आणायची, आणि जेवून, भांडी घासून शेडमध्ये यावं तर चारही चाकं मऊ. एक चाक बसलं तर खिळा म्हणता येतं. चारही एकसारखी बसली, तर त्या खिळ्याला हातपाय असतात.

म्हैस म्हणजे एटीव्ही. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल. रुंद, काळी, चिखल दिसला की खूश, म्हणून म्हैस. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला रस्ता नाही, नुसता चढ. रोज म्हशीवरून वर जायचं, पाइप कुठे गळतोय ते बघायचं, व्हॉल्व्ह फिरवायचे, हे काम. आधी ते सासरे करायचे, अण्णा. तीन वर्षांपूर्वी त्याच चढावर म्हैस उलटली, अण्णांचा डावा पाय खाली सापडला, तेव्हापासून ते काठी टेकत चालतात. नवरा ट्रक घेऊन महिन्याचे वीस दिवस बाहेर, म्हणून काम थोरल्या सुनेकडे आलं. तेही हंगामी. शनिवारी पाणीखात्याचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर म्हैस टाकीपर्यंत नेऊन दाखवली की काम कायम. नाही जमलं तर दुसरा माणूस बघू, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरा माणूस घरातच होता.

६. एअर फिल्टरचा स्पंज धुवावा, पूर्ण वाळवावा, तेलाचा हात फिरवून बसवावा. धूळ आपले लक्ष नसते तिथून शिरते.

तो दुसरा म्हणजे धाकटा दीर. समोरच्या गाळ्यात मोटारपंप दुरुस्त करतो. अण्णा पडले त्याच्या आदल्याच दिवशी म्हशीचे ब्रेक त्यानेच बसवले होते. शुद्धीवर आल्यावर अण्णांचे पहिले शब्द होते, ब्रेक लागला नाही. बस्स. त्या दिवसापासून गावाने त्याच्याकडे गाडी दुरुस्तीला देणं बंद केलं, पाणीखात्याने काम दिलं नाही, आणि तो शेडचा उंबरठा चढला नाही. निदान तो तसं म्हणायचा.

पाणी कुठेतरी मुरतंय, हे ओळखणं तर वहिनीचं कामच होतं. बुधवारी ती गाळ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हवेचा विषय सहज काढल्यासारखा काढला. त्याने पान्यावरून मान वर केली नाही. आधी म्हणाला, म्हशीला कोणी तरी दूध काढायला येत असेल. मग हसू आवरून म्हणाला, "वहिनी, शनिवारी पडलात तर काहीही सांगा. फक्त ब्रेकचं नाव घेऊ नका."

चोराच्या मनात चांदणं, असं ती घरी येताना स्वतःशी म्हणाली. पडण्याची गोष्ट काढली होती कोणी? तिने तर नाही.

४. चढावर पुढे झुकावे, खालच्या गिअरमध्ये एका दमात जावे. मध्येच थांबून वळवू नये. वळवणारा उलटतो.

गुरुवारी तिने पुन्हा हवा भरली. तीस. पंपावर अण्णा नेहमी तीसच म्हणायचे, जीपला तेवढी, म्हशीला तेवढी. तिच्या कानात तो आकडा पाढ्यासारखा बसला होता. मग शेजारच्या सुताराकडून टोपलीभर भुसा आणला आणि शेडच्या फरशीवर चाळणीने पातळ भुरभुरला. सुताराने विचारलं, कशाला? ती म्हणाली, तेल सांडलंय. तिने तेलाचं नाव पुढे केलं, आणि खोटं बोलताना तेल गरमच होतं म्हणायचं.

जेवणं झाली. अण्णा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून समोरच्या गाळ्यावर नजर ठेवून राहिली. दीर स्टुलावर बसून मोटरची तार गुंडाळत होता. हलला नाही. चहा प्यायला, हलला नाही. तासाभराने तिला वाटलं, आज याला सुगावा लागला. ती मागच्या दाराने शेडमध्ये गेली.

चारही चाकं मऊ.

भुशात पावलं होती. उजवं पाऊल नीट उमटलेलं, डावं फरपटलेलं. आणि प्रत्येक पावलाशेजारी रुपयाच्या नाण्याएवढं गोल, काठीच्या रबरी टोकाचं.

काखेत कळसा आणि ती गावाला वळसा घालत होती.

७. उतारावर वजन मागे, गिअर खालचा. गाडी इंजिनाने धरावी, ब्रेकवर लटकू नये.

दिरावरचा संशय गेला, पण जाताना दार उघडं टाकून गेला, आणि त्यातून दुसरा आत आला. अण्णांना आपण पडावं असं वाटतं का? काम धाकट्याला मिळावं म्हणून? की बाईने म्हैस हाकू नये म्हणून? तीन वर्षं ते तिला म्हशीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. तेव्हा तिला ती नाराजी वाटली होती. आता ती वाट बघणं वाटू लागली.

बाहेरच्या खोलीत अण्णा घोरत होते. जरा जास्तच नियमित. चपलांना भुसा चिकटलेला. सदऱ्याच्या खिशातून काहीतरी गोल, चकाकणारं डोकावत होतं. तिने ते दोन बोटांनी ओढून काढलं. हवा मोजायचं छोटं घड्याळ. आकडे शून्य ते दहा. पुढे आकडेच नव्हते.

घोरणं थांबलं.

"तीस कोण भरतं गं त्यात?" अण्णा भिंतीकडे बघूनच म्हणाले. "पाच. चाक मऊ असलं तर जमीन धरतं. तीस भरलं की चेंडू होतो. दगडावरून उडतं आणि उलटतं."

"तुम्हीच तर तीस म्हणायचात."

अण्णांनी सदऱ्याचा रिकामा खिसा चाचपला. आणि नेमकी तेव्हा वहिनीच्या डोळ्यांसमोर फाटलेली पट्टी आली. एक नंबर उंदरांनी खाल्ला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं, जीप चालवणाऱ्याला पुस्तक कशाला. पाय प्लास्टरमध्ये असताना वेळ जाईना म्हणून वाचलं. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं, पाच. तोवर गावभर ब्रेकचं नाव झालं होतं. बरे झाल्यावर त्यांनी कागदाची तीस लिहिलेली वरची ओळ फाडून टाकली. एवढी वर्षं वहिनी उतरलेल्या जुन्या हवेवरच चालवत होती, तोवर त्यांना झोप लागायची. परवा साहेबांसाठी म्हणून ती पंपावर निघाली आणि त्यांची झोप उडाली. सांगावं तर सगळंच सांगावं लागणार. म्हणून दुपारी जाऊन हवा काढत होते.

"भावजींना सांगा," ती म्हणाली.

"सांगून माझा पाय परत येणार आहे?"

"तुमचा नाही. त्यांचा येईल. शेडमध्ये."

वहिनीने घड्याळ पदराच्या टोकात बांधलं आणि उभी राहिली.

"मग शनिवारी मी तीस भरून चढते. साहेबांसमोर. पडले तर मीही ब्रेकचंच नाव घेईन."

तिने तसं केलं असतं का, हे तिला अजून माहीत नाही. अण्णांनाही माहीत नव्हतं, आणि तेवढं पुरलं. ते उठून बसले, काठी शोधली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच रस्ता ओलांडून गाळ्याकडे गेले. बोलणं वहिनीला ऐकू आलं नाही. खिडकीतून एवढंच दिसलं, की दिराच्या हातातली तार गुंडाळायची थांबली. मग अण्णा एकटेच परत आले.

५. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत. मगच भरवसा ठेवावा.

शुक्रवारी दुपारी दीर शेडच्या दारात आला. अण्णांचं नाव काढलं नाही. उंबरठ्यावर जरा थांबला, मग आत येऊन चाकाशी बसला आणि म्हणाला, केबल ढिली आहे, आवळून देतो. वहिनी बाजूला उभी राहून त्याच्या प्रत्येक बोटाकडे बघत होती. तो गेल्यावर तिने केबल स्वतः ओढून पाहिली. दोनदा.

शनिवारी सकाळी तिने पुन्हा पाहिली. चारही चाकांना घड्याळ लावलं. पाच, पाच, पाच, पाच. दीर गाळ्याच्या दारातून बघत होता.

"अजून संशय आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," वहिनी म्हणाली, हेल्मेटचा पट्टा आवळत. "पण आता फक्त म्हशीवर."

म्हैस चढाला लागली. चाकं दगडांवर उडाली नाहीत, त्यांना बिलगत, पोटाशी घेत वर गेली. जिथे अण्णा पडले होते तिथे वहिनी पुढे झुकली, अ‍ॅक्सिलरेटरवरचा अंगठा सोडला नाही, थांबली नाही. ती वर टाकीपाशी पोचली तेव्हा साहेबांनी खालूनच हात केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ती परतली तेव्हा शेडच्या भिंतीवर कागदाच्या वर नवी पट्टी चिकटवलेली होती. अक्षर अण्णांचं.

१. हवा पाच. तीस मी भरली होती.

डिंक अजून ओला होता. वहिनीने नखाने चारही कोपरे दाबून बघितले, पट्टी नीट बसली आहे ना.