सात नंबरचा पिंजरा

काट्यावरचा आकडा थांबला तसा प्रीतीचा हातही थांबला. सात नंबरच्या पिंजऱ्यातला तिसरा उंदीर. चौतीस ग्रॅम. पंधरा दिवसांमागं अठ्ठावीस होता, ती मोठ्यानंच म्हणाली.

दाराशी भुसा चाळणाऱ्या बयाबाईनं ते ऐकलं आणि तिची बोटं भुशात तशीच रुतून राहिली.

कुरुंदवाडहून पहिल्या एस.टी.नं ती कोल्हापुरातल्या ह्या प्रयोगशाळेत यायची, पिंजरे धुवायची. अंगानं थोराड. गावातल्या बाया तोंडावर म्हणायच्या, बयाबाई बसली की गाडी कलती. घरात सून तिच्या ताटातल्या भाकरी नजरेनं मोजायची. एकट्या प्रीतीनं तिला जवळ बसवून सांगितलं होतं, की खाल्लेल्याची चरबी करून अंगात साठवणारं एक एन्झाइम असतं, ते कुणाच्यात जास्त राबतं, कुणाच्यात कमी. सगळा दोष तोंडाचा नसतो. बयाबाईनं आपल्यापुरतं जुळवलं होतं. पोटात एक हमाल हाय, आलेलं पोतं उचलून थप्पीला लावणारा. आपला हमाल दांडगा. त्या सांजेला परतीच्या गाडीत, खिडकीला डोकं टेकून ती रडली होती, आणि उतरताना बारा वर्षांची पोर उतरावी तशी हलकी उतरली होती.

सात नंबरच्या उंदरांत तो हमालच नव्हता. पैदासच तशी केलेली. तोच चरबीचा खुराक खाऊन शेजारच्या पिंजऱ्यातले गोळे झाले होते, हे मात्र सडसडीत. प्रीतीची संशोधनाची तीन वर्षं त्या सडसडीत पाठींवर उभी होती. आणि अकरा वाजता तिचे मार्गदर्शक विश्वजित सर आकडे बघायला येणार होते.

प्रीतीनं काटा तपासला, उरलेला खुराक पुन्हा तोलला. खाणं घटलंय नि वजन चढलंय, असं पुटपुटत ती वहीची पानं उलटत राहिली. मग तिचा चेहरा आवळला. रविवारी पिंजरे राजवीर नावाचा पोरगा बघायचा. त्यानंच उंदीर इकडचे तिकडं केले असणार, आज सरांसमोरच विचारते, म्हणत तिनं फोन उचलला.

भिंतीवर पावणेअकरा झाले होते. बयाबाईनं चाळण खाली ठेवली. गप्प राहिलं तर नोकरी राहते. पोराच्या माथी आळ येतो, आणि ह्या लेकीच्या वहीत खोटं उतरतं.

माहेरापासूनची रीत होती, शिदोरी सोडली की पहिला घास मुक्या जिवाचा. गावात दारी गाय असते, कुत्रं असतं; इथं चौथ्या मजल्यावर कावळासुद्धा फिरकायचा नाही. मग सगळ्यांत रोड दिसणाऱ्यांना ती भाकरीचा तुकडा टाकायची, वर गुळाचा खडा. पुढच्या दोन पायांत धरून ते कुरतडायचे, तेव्हा पाळण्यातलं लेकरू बघावं तसं तिला वाटायचं.

"फोन ठेवा, ताई," ती म्हणाली. "राजवीरचं न्हाय. त्यास्नी म्या खायला घातलंय."

प्रीतीनं वळून पाहिलं. बयाबाई सगळं सांगून मोकळी झाली, मधे कुठं न थांबता. प्रीतीनं फोन खाली ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"किती दिवस?"

"पंधरा दिस झालं. रोज. फकस्त सात नंबर."

"मावशी, तुम्हाला सांगितलं होतं की हो मी, बाहेरचं काही घालायचं नाही."

"सांगितलं व्हतं. मला वाटलं, ती कागदावरची गोष्ट. उपाशी दिसणारा जीव म्होरं हाय."

प्रीतीनं सात नंबरच्या पानावर आडवी रेघ ओढली. पेनाचं टोक कागदात घुसलं. कारणाच्या रकान्यात ती 'बाहेरचं खाणं' एवढं लिहून थांबली.

"नाव घाला माझं," बयाबाई म्हणाली.

जिन्यावर सरांचे बूट वाजले. प्रीतीनं नाव लिहिलं. मग काटा पुसून शून्यावर आणला आणि बयाबाईपुढं सरकवला.

"आजची शिदोरी सोडा. रोज जेवढं घालत होता तेवढंच ठेवा ह्यावर, किती पोटात गेलं ते वहीत लिहायचंय. गूळ वेगळा."

बयाबाईनं फडकं सोडलं. तुकडा मोडून तिनं काट्यावर ठेवला; माप रोजचंच पडलं.