विजेचा खादाड

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे. पत्ता विचाराल, तर सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. बघा, मुरडलंतच ना नाक! पण तुमच्या मोरीतलं आणि संडासातलं पाणी शेवटी आमच्याच दारात येतं. इथल्या हौदात डोळ्यांना न दिसणारे अगणित जीवाणू ती घाण खातात. त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून मी हौदाच्या तळाशी हवा सोडत असतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा निळा रंग नुसता लखलखत होता. ऑपरेटरकाकांनी मला कौतुकाने पुसलं आणि पूर्ण वेगाने सुरू केलं. जितका आवाज मोठा तितकं पाणी स्वच्छ, असा त्यांचा ठाम समज होता. मग काय, वर्षानुवर्षं मी अखंड गरजत राहिलो. रंग उडाला, भूक मात्र तशीच राहिली.

एके दिवशी नवे साहेब आले. विजेचा मीटर बघून त्यांचे डोळेच पांढरे झाले.

"केंद्राची निम्मी वीज हा एकटा गिळतो? बंद करा याला!"

"साहेब, जीवाणू गुदमरतील हो," काका म्हणाले.

"एक-दोन दिवसांत काही होत नाही!"

मी थांबलो. दुसऱ्याच दिवशी हौद काळवंडला आणि असा वास सुटला की विचारू नका. तेच पाणी पुढे ओढ्यात गेलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. माझा जीव तुटत होता, पण बटण काही माझ्या हातात नव्हतं.

तेवढ्यात नाकाला पदर लावून साहेबांच्या आई फाटकातून आत आल्या.

"अरे, ओढ्यापलीकडेच आपलं घर आहे, विसरलास का? शेजारीण विचारतेय, तुमच्याकडे उंदीर मेलाय का! तू पाणी साफ करतोस की घाण?"

साहेबांनी धावत येऊन स्वतःच्या हाताने मला सुरू केलं. जीवाणू सावरायला बरेच दिवस गेले. मग साहेबांनी आणि काकांनी मिळून हौदात प्राणवायू मोजणारं उपकरण सोडलं. दुपारी घाण कमी येते, तेव्हा मी उगाच हवा फुंकतो, हे दोघांनाही तेव्हा कळलं. गरजेप्रमाणे माझा वेग बदलणारं यंत्र बसलं.

मी हळू झालो आणि नवीच पंचाईत झाली! मागच्या खोलीत राहणाऱ्या काका-काकूंना माझ्यामुळे ओरडून बोलायची सवय लागली होती. "अहो, पोट साफ झालं का?" हा काकूंचा प्रश्न त्या दुपारी अख्ख्या गल्लीने ऐकला. पलीकडून दोघा-तिघांनी "हो" म्हणून उत्तरही दिलं.

मित्रांनो, मी पाणी धुतो खरा, पण माझ्या विजेसाठी दूर कुठेतरी कोळसा जळतो आणि आभाळ मळतं. म्हणून मोरीत खरकटं टाकू नका, उरलेलं तेल ओतू नका. घाण कमी आली, की मलाही कमी वीज पुरते. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचं तेलपाणी वेळेवर होऊ द्या.

ओढ्यात मासे परतलेत. साहेबांच्या आई हल्ली तिथे फिरायला येतात, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, "या झाडांमुळे इथली हवा किती छान आहे!"

असू दे. झाडंही बिचारी कष्ट करतातच की.