दृश्य स्थिती : समाधानकारक

बदलीचा हुकूम येऊन अकरा महिने झाले, तरी बाई तिथेच होत्या.

हुकूम त्यांच्या टेबलाच्या खणात होता. घडी उलगडून उलगडून मधोमध विरलेला. त्यात नव्या गावाचं नाव होतं. त्या गावी त्यांचा नवरा होता, सात वर्षांची चिऊ होती, खिडकीत वाळत घातलेला चिऊचा गणवेश होता. हे शेवटचं अर्थातच हुकमात नव्हतं. हुकमात शेवटी एक ओळ होती : नगरभवनाच्या दुरुस्तीचा निधी मंजूर झाल्याखेरीज सदर अभियंत्यांना कार्यमुक्त करू नये.

बाकीचा हुकूम अख्खा पानभर, पण बाईंना बांधलं ते या एका ओळीने.

ओळ तशी वाजवी होती. दुरुस्तीची फाइल बाईंच्या हातची. इमारतीची भेग न् भेग त्यांनी मोजलेली, म्हणून सगळे त्यांना ‘मोजणीबाई’ म्हणत. वरून शंका आली की उत्तर बाईच देऊ शकत. शंका येत राहिल्या, उत्तरं जात राहिली आणि इमारत आपली गळत राहिली. पाऊस बाहेर थांबला की आत सुरू होई. जिन्यात ओल, कपाटात ओल, कागदाला ओल, कागदावरच्या सहीला ओल. मोठ्या दालनात, दाखल्यांच्या खिडकीसमोर, लोक बाकावर बसून वाट बघत आणि त्यांच्या शेजारी एक बादली बसे, तीही वाटच बघत.

चिऊचा फोन रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत येई.

“आई, तुझं ऑफिस अजून पडलं नाही का गं?”

“असं बोलू नये, चिऊ.”

“मग तू येणार कशी?”

याचं उत्तर मात्र फाइलीत नव्हतं.

अखेर पत्र आलं. निधी देणाऱ्या खात्याचे साहेब सोमवारी पाहणीला येणार होते. इमारत खरोखर वाईट आहे, असं त्यांनी लिहिलं की पैसे सुटणार होते. पैसे सुटले की बाई सुटणार होत्या.

बाई थेट अण्णांकडे गेल्या. अण्णा म्हणजे हेडक्लार्क; निवृत्तीला दोन महिने उरलेले.

“अण्णा, मी दोन दिवस जाऊन येते. चिऊला ताप आहे. इथे कशाला हात लावू नका. बादल्या आहेत तिथेच असू द्या.”

“तुम्ही निर्धास्त जा. एकतीस वर्षं साहेब लोक सांभाळलेत मी. एकाने कधी नाक मुरडलं नाही.”

बाईंनी हे वाक्य नीट ऐकायला हवं होतं. पण बस सुटायला वीस मिनिटं होती.

सोमवारी सकाळी त्या परतल्या तेव्हा दारातच रंगाचा वास आला. छोटासा, ताजा, आनंदी वास.

दालन उजळून निघालं होतं. भिंती दुधासारख्या. छताचे पोपडे खरवडून खळग्यांत लांबी भरलेली, लांबीवर रंग. तुळईखालच्या लोखंडी टेकूंना पडदे. बादलीच्या जागी कुंडी. आणि मधोमध अण्णा, कानाच्या पाळीला पांढरा ठिपका, चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचं हसू.

“कसं वाटतंय? शनिवार-रविवार सगळा स्टाफ राबला. रंगाचे पैसे मी घातले. म्हटलं, बाईंच्या कामाचे साहेब येतायत, शोभा नको व्हायला.”

“अण्णा,” बाई म्हणाल्या. “शोभाच दाखवायची होती हो.”

अण्णांना कळायला क्षणभर लागला. मग हसू ओसरलं.

“पाहणी म्हटलं की हात आपोआपच… अरे देवा. खरवडू का? पटकन खरवडतो!”

एवढ्यात गाडी आलीच.

साहेब भला माणूस निघाला. चष्मा, जुनी बॅग, हातात छापील नमुना. दालन बघून त्याचा जीव सुखावला.

“छान ठेवलीय हो इमारत. नाहीतर आम्ही जातो तिथे छत्री घेऊन बसावं लागतं.”

“इथेही लागते, साहेब. हे परवा रंगवलंय.” बाईंनी पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि भिंतीला कान लावून ठोकत निघाल्या. टक. टक. मग ढब. पुढे ढब, ढब. रंगाआड गिलावा भिंतीचा हात सोडून उभा होता. “ऐकू येतंय?”

“येतंय की. पोकळ आहे.”

“मग तसं लिहा.”

साहेबाने नमुना पुढे धरला. “रकाना बघा. ‘दृश्य स्थिती’. सोबत फोटो. आवाजाचा फोटो कसा काढू, बाई?”

“तज्ज्ञांचा तपासणी अहवाल आहे माझ्याकडे.”

“कधीचा?”

“आठ महिन्यांपूर्वीचा.”

“सहा महिन्यांच्या आतला लागतो. नवा करून घ्या.”

“त्याला पैसे लागतात.”

“मग त्याचा प्रस्ताव पाठवा ना.” स्वतःचंच बोलणं ऐकून साहेब ओशाळला. “काय करू सांगा. ऐकीव लिहिलं तर उद्या माझीच पाहणी लागेल. पुढच्या वर्षी नक्की येतो.” आणि त्याने लिहिलं : समाधानकारक.

पुढच्या वर्षी. चिऊ आठ वर्षांची होईल, वेणी स्वतःची स्वतः घालेल.

बाईंची नजर वर गेली. बाकाच्या बरोबर वर छताचा एक तुकडा किंचित पोट काढून होता. रंगाने ते पोट झाकलं नव्हतं, गोंडस केलं होतं. खाली बाकावर एक म्हातारबा दाखल्याची वाट बघत पेंगत होते. शेजारी एक बाळंतीण, मांडीवर दुपट्यातलं बाळ, अजून नाव न मिळालेलं. त्या नावासाठीच ती आली होती.

“आजोबा, उठा जरा. ताई, तुम्हीही. तिकडे, पार दारापाशी व्हा.”

रंगकामाची शिडी कोपऱ्यात होती. बाईंनी ती ओढली तसे अण्णा आडवे आले आणि हळूच कुजबुजले, “नको, बाई. सरकारी मालमत्ता, तीही साहेबांसमोर. चौकशी लागेल. चौकशी चालू असलेल्याला कार्यमुक्त करत नाहीत. ती पत्रं मीच टाइप करतो, मला पाठ आहेत.”

बाई पहिल्या पायरीवर थांबल्या. हातोडी घातली नाही तर निधी नाही. निधी नाही तर सुटका नाही. घातली तर निधी येईल, पण सुटका नाहीच. इकडून दार बंद, तिकडूनही बंद. फरक होता तो बाकाचा. साहेब गेले की बाळंतीण पुन्हा तिथेच येऊन बसणार होती.

“बाजूला व्हा, अण्णा.”

दोन घावांत काही झालं नाही. तिसऱ्याला छताने उसासा टाकला आणि दाराएवढा गिलावा बाकावर कोसळला. धूळ बसली तेव्हा वर गंजून काटक्या झालेल्या सळया दिसत होत्या आणि बाकाची पाठ मोडली होती. बाळ रडायला लागलं.

साहेबाने फोटो काढले. मग नमुन्यातला शब्द खोडला.

दीड महिन्याने एकाच टपालात दोन पत्रं आली. एक निधीच्या मंजुरीचं. दुसरं बाईंच्या चौकशीचं.

अण्णा टेबलासमोर येऊन उभे राहिले. “मी लिहून देतो, मीच पाडलं म्हणून. मला आता काय करणारेत?”

“पेन्शन अडकवतील. वहिनींना काय सांगाल?”

“मग काय तुम्हीच अडकायचं?”

“फोटो बघा, अण्णा. हातोडी माझ्याच हातात आहे, आणि फोटो चांगला आलाय.”

अण्णा हसले आणि हसताहसताच त्यांनी रुमाल काढला.

शुक्रवारी मजूर आले. दालनात परांची उभी राहू लागली. बांबूला बांबू, गाठीला गाठ. संध्याकाळपर्यंत ती बाईंच्या टेबलापर्यंत आली आणि टेबलाला वळसा घालून पुढे गेली.

“टेबल हलवायचं का, बाई?” मुकादमाने विचारलं.

“असू दे. मी असेन इथेच.”

पिशवी उचलून त्या बांबूंखालून वाकून बाहेर पडल्या आणि धावत बस गाठली. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर पुढ्यात येऊन उभा राहिला.

“एकेरी देऊ की परतीचं?”

बाईंनी सुटे पैसे मोजून हातात घेतलेच होते.

“परतीचं,” त्या म्हणाल्या. “सोमवारचं.”