कापलेली बटणं

सावित्रीबाईंनी पिवळा फ्रॉक खिडकीच्या उजेडात धरला आणि त्याची पाठ सगळ्यांना दाखवली. बटणं नव्हती. तीन जागी दोऱ्याची तुटकी टोकं तेवढी उभी होती.

"हा पाचवा. पूरग्रस्तांना देतायत की बोहारणीला?"

शाळेच्या हॉलमध्ये कपडे निवडणाऱ्या बायका हसल्या. वैदेहीने हातातल्या चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. फ्रॉक तिच्या अवनीचा होता.

जगबुडी नदीचं पाणी खेडच्या घरांत शिरलं त्याला तीन दिवस झाले होते. तिकडे जाणारा टेंपो चारला रत्नागिरीतून निघायचा होता. काल गाठोडं बांधताना तिने कात्री कधी घेतली, तिलाच आठवत नव्हतं. बोहारीण दारात आली, की सासूबाई आधी हुक आणि बटणं काढून डब्यात टाकायच्या. चार वर्षांत तिचाही हात तसाच चालायला लागला होता. अकरा फ्रॉक होते. तिने एकही सोडला नव्हता.

"बिनबटणांचे बाजूला टाका," सावित्रीबाई म्हणाल्या. "उघड्या पाठीनं पोरं काकडतील. फरशी पुसायला होतील ते."

"टाकू नका, बाई. होतील तेवढे करते मी."

राजिवड्याच्या हफीजाभाभी कोपऱ्यात सकाळपासून मान खाली घालून शिवत होत्या. मघा बायका हसल्या तेव्हाही त्यांची मान वर झाली नव्हती. मांडीवरच्या रुमालात आता दोन-तीनच बटणं उरली होती.

वैदेही उठली.

"अवनीला पाजून येते," ती म्हणाली.

घरी अवनी पोट भरून झोपली होती. दुपटं कोरडं होतं. तरी वैदेहीने ते चाचपून पाहिलं. मग फडताळातला बटणांचा डबा पिशवीत घातला.

"तो कशाला गो?" सासूबाईंनी विचारलं.

"एकीला हवाय."

ती परतली तेव्हा सावित्रीबाई बाहेर तांदळाची पोती मोजून घेत होत्या. हफीजाभाभींनी डबा हलवून पाहिला.

"बरीच आहेत की! ह्या पिवळ्याला कसली लावू?"

वैदेहीची बोटं डब्यात गेली आणि तीन लाल फुलांची बटणं घेऊनच बाहेर आली. तिला शोधावं लागलं नव्हतं. हफीजाभाभींनी ती तुटक्या टोकांवर ठेवली. तिन्ही ठिकाणी उरलेला दोरा लालच होता.

हफीजाभाभींनी मान वर केली.

"मीच कापली होती, भाभी."

हफीजाभाभींनी दोरा दातांनी तोडला आणि मांडीवरचा रुमाल तिच्याकडे सरकवला. त्यात शाळेच्या शर्टाची दोन पांढरी बटणं होती.

"मग ही कुठनं आली, असं वाटतं तुला?" त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या अद्नानच्या सात शर्टांची मीही कापलीच होती. सकाळी बाईंनी बघायच्या आत निम्मे शिवून उरकले मी, बाकीचे त्यांच्या हाती लागले." त्यांनी दुसरी सुई काढली. "ओव. मला जवळचं दिसत नाही."

वैदेही शिवायला बसली. अवनी सगळं तोंडात घालायची, म्हणून प्रत्येक बटण लावून झालं की ती ते जोरात ओढून बघत होती. शेजारून हफीजाभाभी म्हणाल्या, "बस की, फाडशील आता."

टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा चार फ्रॉक राहिले होते.

"झाले तेवढे द्या," सावित्रीबाई दारातून म्हणाल्या. त्यांची नजर उरलेल्या चार फ्रॉकांवर गेली. "हे कुणी दिलेत, काही कळलं का?"

हफीजाभाभींची सुई थांबली.

"माझे आहेत," वैदेही म्हणाली. "उद्याच्या टेंपोत जातील."

सावित्रीबाई काही बोलायला गेल्या, पण पुन्हा हॉर्न वाजला आणि त्या सात फ्रॉक उचलून निघून गेल्या. वैदेहीने आठवा फ्रॉक मांडीवर घेतला. बाजूला हफीजाभाभी उठून, गुडघ्यावर हात ठेवत, दाराकडे निघाल्या होत्या.

"बाई," त्यांनी हाक मारली, "ते बिनबटणांचे शर्ट माझे हो."